गृहकर्जाच्या अर्जाआधी सिबिलची डागडुजी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, पुनर्विकासातल्या एका इमारतीत वन बीएचके बघून दाजी परस्पर आमच्याकडे आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. घर पसंत. रविवारी बिल्डरला दोन लाखांचं टोकन द्यायचं, सोमवारी बँकेत अर्ज टाकायचा, असा बेत. मी विचारलं, "सिबिल बघितलंत का?" ते म्हणाले, "त्यात काय बघायचं दादा, हप्ते सगळे भरलेत." बहिणीने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा ॲपवर सिबिलचा स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीला मिळालेले गुण, दिसत होता, ६४१.

पेढे खाल्ले आणि टोकन थांबवलं. कर्ज नाकारलं गेलं तर टोकनमधून किती कापणार हे बऱ्याच बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि ते वाचायची वेळ नेमकी नाकारल्यावर येते. म्हणून पहिली पायरी हीच: आपल्या कर्जांच्या नोंदींचा सिबिल रिपोर्ट हातात येऊन वाचून होईपर्यंत बिल्डरला, एजंटला, कुणालाही रुपया द्यायचा नाही.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकोणीस वर्षं काढली. टेबलाच्या त्या बाजूला बसून एक गोष्ट पक्की कळली, ती आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सिबिल ही कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी, ती स्वतःहून तुमच्या खात्यातलं एक अक्षरही बदलत नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी जे पाठवते तेच तिथे छापून येतं. त्यामुळे दुरुस्तीची खरी लढाई ज्याने चुकीचं किंवा वाईट लिहून पाठवलं त्याच्याशी असते. लोक महिनोन्‌महिने सिबिलला ईमेल करत बसतात आणि ज्या शाखेने गोंधळ घातला तिच्या दारातही जात नाहीत.

रिपोर्ट काढा, तोही चार ठिकाणचा

झेरॉक्स कंपनीचं नाव जसं प्रत्येक कॉपीला चिकटलं तसं सिबिलचं झालंय. ही कंपनी २००० साली सुरू झाली, आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल, ऑफिस आपल्या लोअर परळलाच. पण रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तुमची बँक कुणाचा रिपोर्ट बघेल हे तुम्ही ठरवत नाही. एकीकडे दुरुस्त झालेलं खातं दुसरीकडे अजून थकीतच, हा प्रकार मी कितीतरी वेळा पाहिलाय.

प्रत्येक कंपनीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. म्हणजे डिसेंबरात एक काढला तर जानेवारीत दुसरा फुकट मिळतो, आणि तोवर केलेली दुरुस्ती उमटली का ते खिशाला हात न लावता कळतं. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. तिथे महिन्याचं नाहीतर वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून आग्रह होईल, फुकटची लिंक शोधावी लागेल. आपलाच रिपोर्ट आपण काढल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती अजूनही लोकांच्या मनातून जात नाही.

ॲपवरच्या गोल चकतीतल्या आकड्याला भुलू नका. आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या पुढे असला की बँका खुशीत असतात, आणि अनेक ठिकाणी गृहकर्जाचा व्याजदरही या आकड्याच्या पट्ट्यांवरून ठरतो. रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर मात्र ठरवून दिलेला नाही, ज्याचा त्याने ठरवायचा. पण डागडुजी आकड्याची होत नाही. गळती कुठे आहे ते आतल्या पानांवर दिसतं.

दाजींचा सिबिल रिपोर्ट चौदा पानांचा निघाला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली, दोन पेनं घेतली. जे चुकीचं आहे त्याला हिरवी खूण, जे खरं आहे पण वाईट आहे त्याला लाल. दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. हिरवं कागदाने सुटतं, लाल पैशाने आणि वेळेने. खऱ्या थकबाकीवर तक्रारी ठोकून काही मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या चुकीची रक्कम 'जाऊ दे, भरून टाकू' म्हणत भरणं त्याहून वाईट, कारण मग ती आपलीच होती असं आपण मान्य करून बसतो.

वाचायचं कसं

पहिलं पान ओळखीचं. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर. मराठी माणसाची अर्धी भानगड इथेच असते. आपलं नाव तीन शब्दांचं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, पॅनवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि पतसंस्थेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. इंग्रजी स्पेलिंगची तर मजाच असते. वाघमारे एका बँकेत डब्ल्यूने सुरू होतात, दुसऱ्या बँकेत व्हीने. त्यामुळे कधी एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात, तर कधी दोन माणसांची खाती एका फायलीत मिसळतात. माझ्या बहिणीच्या फायलीत तिच्याच नावाच्या, पण कधीही न पाहिलेल्या कुणा बाईचं दुचाकीचं कर्ज होतं. जन्मतारखा दोन दिवसांनी वेगळ्या. सहअर्जदार म्हणून तिचंही नाव लागणार होतं, म्हणून तिचाही रिपोर्ट काढला. नाहीतर हे अर्ज नाकारल्यावरच कळलं असतं.

म्हणून पॅनचं प्रत्येक अक्षर आणि आकडा, शिवाय जन्मतारीख, बोट ठेवून तपासा. ओळखीचा नसलेला पत्ता दिसला तर थांबा.

मग खाती. प्रत्येक खात्यासमोर मालकीचा प्रकार असतो: एकट्याचं, संयुक्त की जामीनदार म्हणून. उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, शिल्लक, थकीत रक्कम, आणि माहिती शेवटची कधी पाठवली ती तारीख. बंद झालेल्या कर्जासमोर बंद झाल्याची तारीख कोरी असेल तर हिरवी खूण. 'रिटन ऑफ', 'सेटल्ड', 'पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड', 'सूट फाइल्ड' (वसुलीचा दावा दाखल) यांपैकी काही दिसलं तर ते खातं आपलंच आहे का ते आधी ठरवा, मग पेन उचला.

खात्याच्या खाली छोट्या चौकटींची ओळ असते, महिन्याला एक चौकट, मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंत. कर्ज अधिकारी सगळ्यात आधी इथे बघतो, निदान मी तरी बघायचो. चौकटीत ००० असेल तर हप्ता वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. तीन इंग्रजी एक्स दिसले तर त्या महिन्याची माहिती आलीच नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की बँकेच्या भाषेत ते खातं एनपीए, म्हणजे वसुली अडकलेलं कर्ज. जुनी, एखादी, ०१५-०२० असेल तर मी सोडून द्यायचो, पगार उशिरा झाला असेल म्हणायचो. गेल्या सहा महिन्यांतली ०३० मात्र डोळ्यात खुपायची. तेव्हा ही ओळ वाचताना किती चौकटी बिघडल्या याच्याइतकंच कधी बिघडल्या हे महत्त्वाचं.

शेवटी चौकश्या. तुम्ही कुठे कुठे कर्ज मागितलं त्याची यादी. दाजींच्या यादीत दोन महिन्यांत सात चौकश्या होत्या. त्यांनी आठवून सांगितलं की परळ स्टेशनबाहेर छत्रीखाली बसलेल्या एका पोराला पर्सनल लोनसाठी पॅनची कॉपी दिली होती. त्याने ती सात ठिकाणी टाकली. झालेल्या चौकश्या पुसता येत नाहीत, जुन्या होत जातात तसा त्यांचा भार कमी होतो. त्यांच्यासाठी करायचं एवढंच की नवीन भर घालायची नाही. तुम्ही कुठेच अर्ज केलेला नसताना चौकशी दिसली तर मात्र गप्प बसू नका, तुमच्या पॅनवर कुणीतरी कर्ज काढायला बघतंय. अनोळखी कर्ज निघालंच असेल तर त्या कंपनीला लेखी कळवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंद करा, पोलिसांत तक्रार देऊन त्याची प्रत घ्या. पुढे वाद घालताना ती प्रतच कामाला येते.

हिरवी खूण: कागद लावून सोडवायचं काम

दाजींच्या पाचव्या पानावर वॉशिंग मशीनचं कर्ज होतं. २०२२ मध्ये फिटलेलं. रिपोर्टमध्ये मात्र चालू, आणि थकीत १,१८० रुपये. हा आकडा बघून मला हसू आलं. या कंपनीत हप्ता बाउन्स झाला की ५०० रुपये दंड लागायचा, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. त्याचे दुप्पट १,१८०. म्हणजे दोन बाउन्सचा दंड. शेवटचे दोन हप्ते बाउन्स झाले होते, दाजींनी ते दंडासकट काउंटरवर भरले, कंपनीने ना-देय प्रमाणपत्रही, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र, दिलं. पण कुठल्यातरी सिस्टिममध्ये दंडाची नोंद उघडीच राहिली. त्या १,१८० रुपयांवर छत्तीसपैकी बहुतेक चौकटी बिघडलेल्या. तीस लाखांचं गृहकर्ज वॉशिंग मशीनच्या दंडाला अडकलं होतं.

प्रमाणपत्र शोधायला तीन दिवस गेले. शेवटी ईमेलच्या कचऱ्यात, जाहिरातींच्या घडीत सापडलं. तुमचं हरवलं असेल तर कंपनीच्या ग्राहक पोर्टलवरून किंवा शाखेतून खातेउतारा आणि ना-देय पत्राची दुसरी प्रत मागा. तीही मिळेना तर ज्या खात्यातून हप्ते गेले त्याचा बँक उतारा चालतो.

तक्रार दोन्हीकडे एकाच दिवशी टाका. सिबिलच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'डिस्प्यूट' उघडा, खातं निवडा, नेमकी कुठली चौकट चूक आहे ती निवडा. रिपोर्टवर छापलेला कंट्रोल नंबर जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पत्रात तो लागतो. बाकी तिघांकडेही तीच चूक असेल तर तिथेही. आणि कर्ज देणाऱ्याला वेगळं पत्र, ईमेलने, शिवाय शाखेत पोच घेऊन. दाजींसाठी लिहिलेलं पत्र साधारण असं होतं:

"आपल्याकडील माझे ग्राहकोपयोगी वस्तू कर्ज, खाते क्रमांक अमुक, मी दिनांक अमुक रोजी पूर्ण फेडले असून आपले ना-देय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरीही अमुक तारखेच्या रिपोर्टमध्ये, कंट्रोल क्रमांक अमुक, हे खाते चालू व १,१८० रुपये थकीत दिसते. खाते बंद, बंद झाल्याची तारीख अमुक, शिल्लक शून्य, थकीत शून्य, आणि त्या तारखेनंतरच्या सर्व महिन्यांतील थकीत दिवसांची नोंद रद्द, अशी दुरुस्ती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवावी व कळवल्याची तारीख मला लेखी द्यावी. भरपाई देय झाल्यास माझा खाते क्रमांक अमुक."

त्यातलं 'त्या तारखेनंतरच्या सर्व महिन्यांतील' हे वाक्य गाळू नका. नाहीतर खातं बंद दाखवतात, शिल्लक शून्य करतात आणि चौकटी तशाच बिघडलेल्या ठेवतात. मग परत पहिल्यापासून सगळं.

शेवटची ओळही उगाच नाही. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्या तीसपैकी एकवीस दिवस कर्ज देणाऱ्याचे, तेवढ्यात त्याने दुरुस्त माहिती पाठवायची. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने पैसे द्यायचे. तक्रार फेटाळली तरी कारण सांगणं बंधनकारक आहे. दाजींचं खातं चव्वेचाळिसाव्या दिवशी दुरुस्त झालं आणि दोनदा आठवण दिल्यावर १,४०० रुपये जमा झाले. बहीण म्हणाली, दंडापेक्षा २२० रुपये जास्तच मिळाले.

एक लक्षात घ्या. 'माझा स्कोअर इतका कमी का' ही तक्रार या भरपाईत बसत नाही. नोंदीतल्या चुकीवर बोट ठेवावं लागतं.

तीस दिवस गेले, किंवा मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर आधी त्या संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरिष्ठाला, लिहा आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, १४४४८ वर मराठीत माहितीही विचारता येते. अनेक जण अर्ज घेऊन फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या दारात उभे राहतात आणि वॉचमन परत पाठवतो. कागदावरची तक्रार पोस्टाने चंदीगडच्या केंद्राकडे जाते. मुंबईच्या माणसाने बोरीबंदरवरून चंदीगडला अर्ज धाडायचा, गंमतच आहे, पण ऑनलाइन सोय असताना त्या फंदात पडायचं कशाला.

लाल खूण: खरंच थकलेलं

आता अवघड भाग. २०२१ मध्ये सासूबाईंच्या, म्हणजे दाजींच्या आईच्या आजारपणात क्रेडिट कार्डाचं बिल ६८,००० वर गेलं. वसुलीवाला दर दिवसाआड फोन करायचा. एक दिवस म्हणाला, "साहेब, तीस हजार भरा, फाइल क्लोज." दाजींनी बहिणीची भिशी मोडून भरले. फाइल खरंच बंद झाली, फोनही थांबले. पण रिपोर्टवर शब्द आला 'सेटल्ड'.

आपल्याला 'मिटवलं' म्हणजे मिटलं वाटतं. बँकेच्या लेखी सेटल्ड म्हणजे या माणसाने ६८ मागितले तेव्हा ३० दिले, ३८ आम्ही सोडले. पुढची बँक विचारते, आमचेही सोडावे लागतील का?

यावर उपाय एकच, आणि तो महाग आहे. सोडलेले पैसे भरायचे आणि खातं 'क्लोज्ड' करून घ्यायचं. पण आधी पत्र, मग पैसे. हा क्रम उलटा करू नका, एकदा पैसे गेले की पत्रासाठी तुमच्याकडे काही हुकमी पान उरत नाही. बँकेला लिहा: उरलेली मूळ रक्कम भरायला तयार आहे, मधलं व्याज आणि दंड माफ करावा, आणि रक्कम मिळाल्यावर खातं 'क्लोज्ड', शिल्लक शून्य, असं चारही कंपन्यांना कळवू असं लेखी द्यावं. शाखेतला मुलगा म्हणेल असं काही होत नाही. त्याचा दोष नाही, त्याला माहीत नसतं. कार्ड विभागाच्या नोडल अधिकाऱ्याकडे लिहिलं की हालचाल होते. दाजींना दोन महिने लागले. पहिल्या पत्रात बँकेने ९१,००० मागितले, तिसऱ्या पत्रात ३८,००० वर आली. प्रत्येक बँक ऐकेलच असं नाही.

पत्र हातात आल्यावर शब्द वाचा. 'सेटलमेंट लेटर' असेल तर परत करा, 'नो ड्यूज', म्हणजे ना-देय, हवं. पैसे फक्त बँकेच्या कर्ज किंवा कार्ड खात्यात भरा. वसुलीवाल्याच्या मोबाईल नंबरवर यूपीआय कधीही करू नका, तो कितीही गोड बोलला तरी. आणि सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर त्याने वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे, हे त्याला सांगायला हरकत नाही.

तुमचं खातं 'रिटन ऑफ' असेल तर क्रम तोच. फक्त आधी विचारा की ते बँकेकडेच आहे की बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलंय. विकलं असेल तर पैसेही तिथे आणि ना-देय पत्रही तिथूनच. विक्रीचं पत्र मागून बघा, नाहीतर बँकेत भरलेले पैसे एकीकडे आणि थकबाकी दुसरीकडे, असं व्हायचं. राइट ऑफ म्हणजे कर्ज माफ झालं असा समज करून लोक वर्षानुवर्षं शांत बसलेले मी पाहिलेत. ती बँकेच्या हिशोबाची सोय आहे. देणं शिल्लकच असतं.

एवढं करूनही त्या काळातल्या लाल चौकटी पुसल्या जात नाहीत. त्या खऱ्या आहेत, म्हणून राहतात, आणि नव्या ००० चौकटी समोरून भरत गेल्या की हळूहळू मागे सरकतात. म्हणून अर्जाआधी निदान चार महिने हाताशी ठेवा. थकबाकी मोठी असेल तर वर्ष धरा.

जामीनकी

दाजींच्या नवव्या पानावरचं खातं त्यांना ओळखूच येईना. सहकारी बँक, दीड लाख, मालकी: जामीनदार. मग आठवलं. दाजी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत, तिथल्या कॅन्टीनमध्ये २०१९ साली चहा पिताना एका सहकाऱ्याच्या अर्जावर सही केली होती. त्याचे हप्ते दोन महिने तुंबले होते.

मी स्वतः टेबलापलीकडून किती जणांना अशा सह्या करायला लावल्यात. "फॉर्मॅलिटी आहे हो" हे वाक्य मी शंभरदा तरी उच्चारलं असेल. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराकडेच जायला हवं, असंही नाही.

इथे तक्रार चालत नाही, नोंद बरोबर आहे. सहकाऱ्याला भेटून हप्ते भरायला लावा. तो भरत नसेल आणि तुमचं घर अडलं असेल तर थकलेले हप्ते स्वतः भरा, पण पावती स्वतःच्या नावाने, 'जामीनदार म्हणून भरणा' असं लिहून घ्या. जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क कायद्याने आहे, तेव्हा ती पावती लागेल. जामीनदार बदलून द्या असा अर्ज बँकेला करता येतो. दुसरा तोलामोलाचा माणूस दिला तर बँक कधीकधी मानते, बांधील नसते. दाजींच्या सहकाऱ्याने लाजून का होईना दोन्ही हप्ते भरले. कॅन्टीनमध्ये दोघं अजून एकाच टेबलावर बसतात, एवढं बरं झालं.

स्टिकरवाले

लोकलच्या डब्यात 'सिबिल खराब? ७ दिवसांत क्लीन' अशी स्टिकरं दिसतात. एकजण बहिणीला १२,००० रुपये मागत होता. तो करतो काय, तर तुमच्या लॉगिनने सगळ्या खात्यांवर सरसकट तक्रारी टाकतो, ज्या कुणीही फुकट टाकू शकतो. खऱ्या नोंदी जिथल्या तिथे राहतात आणि तुमचं पॅन, आधार, ओटीपी परक्या हातात जातं.

अर्ज टाकताना

१ जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायचा नियम आला, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर उमटते. तरी ना-देय पत्र मिळाल्यावर महिनाभर थांबून नवा रिपोर्ट काढा. चारही बघा. कुठे राहिलं असेल तर तेवढ्यापुरतं परत लिहा.

या मधल्या महिन्यांत चालू खाती सांभाळा. दाजींचा पगार सात तारखेला, एक हप्ता पाच तारखेला. दर दोन महिन्यांनी बाउन्स व्हायचा त्याला याच्यापलीकडे दुसरं कारण नव्हतं. अर्ज देऊन हप्त्याची तारीख दहा करून घेतली. कार्ड असेल तर मर्यादेच्या तीस टक्क्यांपेक्षा कमी वापरा, बँकेतली माणसं हाच अंदाज सांगतात. बिल भरायची शेवटची तारीख चुकली तर हातपाय गाळू नका: तीन दिवसांच्या आत भरलं तर कार्डवाल्याने ती थकबाकी म्हणून कळवायची नसते. जुनं, नीट चाललेलं कार्ड आत्ता बंद करू नका, त्याचा इतिहास तुमच्या बाजूने बोलतो.

आणि अर्ज एकाच बँकेत. पगाराचं खातं असलेली बँक बरी. अर्जासोबत एक पानी खुलासा जोडा, न मागता. दाजींच्या खुलाशात तीन परिच्छेद होते: आईचं आजारपण आणि हॉस्पिटलचं बिल, कार्डाची भरलेली पूर्ण रक्कम आणि ना-देय पत्र, वॉशिंग मशीनच्या कंपनीने मान्य केलेली चूक. मी अर्ज तपासायचो तेव्हा असा कागद आधी समोर आला की फाइल वेगळ्या डोळ्यांनी वाचायचो. वर पाठवताना शेरा लिहायला अधिकाऱ्यालाही काहीतरी हाताशी लागतं.

पाचव्या महिन्यात स्कोअर ७२८ झाला. साडेसातशे नाही. व्याजदर पाव टक्का जास्त लागला, मंजुरी मात्र मिळाली. पत्र आलं त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन. कन्नमवार नगरच्या स्वयंपाकघराचं माप घेऊन झालं होतं आणि दुकानदार शून्य टक्के हप्त्यावर दोन दारी फ्रिज देत होता, आजच बुक केला तर मिक्सर फुकट.

मी विचारलं, "पैसे बिल्डरला गेले का?"

"नाही, पुढच्या आठवड्यात."

पैसे सोडण्याआधी बँक कधीकधी रिपोर्ट पुन्हा काढते. नवं कर्ज दिसलं की हप्ता झेपेल का याचं गणित परत मांडलं जातं.

"मग फ्रिज चावी मिळाल्यावर," मी म्हटलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग तिने दाजींना हाक मारून सांगितलं, "अहो, कार्ड परत ठेवा खिशात."